इद्रिसची अकरा पानं

विमानाने मुंबई सोडली तेव्हा माझ्या मांडीवर एका कादंबरीची शेवटची प्रुफं होती, आणि पुढचे चार दिवस ती एका माणसाच्या नजरेला पडू द्यायची नव्हती. तो माणूस म्हणजे त्या कादंबरीचा लेखक. त्याला भेटायलाच मी सिंगापूरला निघाले होते.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात फ्रेंच शिकवते. इद्रिस तारुदी हा ट्युनिशियातल्या एका बंदराच्या गावचा. ऑलिव्हच्या बागा आणि तेलाचे घाणे यांच्यात वाढलेला, मातृभाषा अरबी, पण लिहितो फ्रेंचमध्ये. गेली कित्येक वर्षं तो मार्सेयला राहतो. त्याची घाण्यावरची कादंबरी मी तीन वर्षं रविवारी-रविवारी बसून मराठीत आणली. गोष्ट अगदी साधी आहे. शिक्षण संपवून घरी आलेला एक तरुण काकाच्या घाण्यावर कामाला लागतो आणि तिथल्या मुनीर नावाच्या कामगाराच्या प्रेमात पडतो. एक हिवाळा जातो. मुनीरचं लग्न ठरतं. तरुण बोटीत बसून निघून जातो.

मधे अकरा पानं आहेत. पावसामुळे घाणा बंद असलेल्या एका दुपारची. दोघं एकमेकांचे तेलकट हात धुतात, आणि मुनीर त्याला म्हणतो, जाऊ नकोस. बस, एवढंच. अश्लील एक अक्षर नाही. पण आमचे प्रकाशक देशमुख म्हणाले होते, "बाई, पुस्तक सुंदर आहे. एवढी अकरा पानं काढा, महिन्याभरात छापतो. बाकीच्यात वाचणारा समजायचं ते समजेल, आणि नाही समजला तरी बिघडत नाही." दोन प्रकाशकांनी आधीच परत पाठवलेलं पुस्तक. मी एका संध्याकाळी ती पानं काढली. एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण जोड दिसू नये म्हणून मी तिथे दोन वाक्यं माझ्या पदरची घातली. इद्रिसला यातलं काही ठाऊक नव्हतं.

आणि नेमकं त्याच वर्षी सिंगापुरातल्या एका साहित्य मेळाव्याने परदेशी लेखकांची त्यांच्या आशियाई भाषांतरकारांशी गाठ घालून द्यायचं ठरवलं. प्रुफं बरोबर घेतली ती तपासायला, असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर ती घरी ठेवून जायचा धीर होत नव्हता.

चांगी विमानतळावर पायाखाली इतका जाड गालिचा की आपलं चालणं आपल्यालाच ऐकू येत नाही. धाकटी बहीण मंजिरी न्यायला आली होती. तिचं घर पुंगोलला, बेटाच्या ईशान्य टोकाला. वसाहत तेव्हा नवीकोरी होती. कित्येक इमारतींच्या बाल्कन्या अजून रिकाम्या, खाली रस्त्याला लावलेली झाडं काठीच्या आधाराने उभी. चालकच नसलेली एलआरटीची दोन डब्यांची गाडी इमारतींच्या मधून खेळण्यासारखी फिरत होती. चौदाव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाण्याची पट्टी दिसे आणि पलीकडे मलेशियाचा किनारा. मंजिरीने पिठलं केलं होतं. भाची रेवा चमच्याने खात होती. हाताने खा म्हटलं तर वाक्याला तिथला 'ला' जोडून म्हणाली, "कॅनॉट ला, मावशी, हॉट!"

जेवताना मंजिरीचे यजमान सतीश माझ्याकडचं कार्यक्रमपत्र वाचत होते. बँकेत हिशेब तपासणीच्या विभागात आहेत. अतिशय सरळ माणूस, आवाज कधी चढत नाही.

"ताई, गैरसमज करून घेऊ नका," ते म्हणाले, "पण या लेखकाबद्दल मी जरा इंटरनेटवर पाहिलं."

"मग?"

"आमचा नागरिकत्वाचा अर्ज आत आहे. तुम्ही आमच्या घरी उतरलायत. इथे काय चालतं, काय नाही, याची रेघ दिसत नाही. ती ओलांडल्यावरच कळते." त्यांनी कागद नीट घडी करून ठेवला. "पुरुषांच्या अशा संबंधांविरुद्ध कायद्यात कलम आहे, ताई."

"ते आपल्याकडेही आहेच की," मी म्हणाले.

"तेच म्हणतोय मी. मग तुम्हाला समजेलच."

मला समजत होतं. माझ्या खोलीतल्या बॅगेत समजल्याचा पुरावाच होता.

दुसऱ्या दिवशी एमआरटीने, म्हणजे मेट्रोने, मधे एकदा गाडी बदलून, तोआ पायोहला गेले. जुनी वसाहत. इमारतींच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत म्हातारे पट मांडून बसलेले, दोऱ्यांऐवजी बांबूंवर वाळत घातलेले कपडे. कार्यक्रमाचं सभागृह तिथेच होतं. व्यवस्था पाहणाऱ्या मिस लिम दारातच भेटल्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, हातात फाइल.

"फ्रेंच दुभाषी तापाने आजारी आहेत," त्या म्हणाल्या. "तारुदींचं इंग्रजी पुरेसं नाही. परवा मंचावर त्यांचं बोलणं तुम्ही इंग्रजीत सांगाल का? दुसरं कोणी नाही."

नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

इद्रिस आत खिडकीपाशी उभा होता. पंचेचाळिशीचा, केस पांढरे आणि कुरळे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. मला पाहिल्यावर त्याने हात छातीशी नेला आणि फ्रेंचमध्ये म्हणाला, "मादाम, तीन वर्षं तुम्ही माझ्या घाण्यावर राबलात. तुमचे हात बघू." मी हसले. ते हसणं माझं मलाच ऐकवेना.

मिस लिमनी फाइल उघडली. कार्यक्रमाच्या सरकारी परवान्यासाठी जे उतारे दिले होते त्यांची यादी त्यात होती. "पान चौऱ्याऐंशी ते चौऱ्याण्णव यात नाहीत," त्या शांतपणे म्हणाल्या. "तेव्हा ती वाचता येणार नाहीत. कृपा करून त्यांना सांगा."

चौऱ्याऐंशी ते चौऱ्याण्णव. पुण्यात देशमुखांनी लाल पेन्सिलीने खूण केली होती ती याच पानांच्या मराठीवर.

मी सांगितलं. इद्रिस चिडला नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "त्यांना सांगा, मादाम. तुमच्याही देशात हा कायदा आहे. तरी तुम्ही ती पानं आपल्या भाषेत नेलीत."

आणि मी ते वाक्य इंग्रजीत केलं. शब्दाला शब्द. मिस लिमनी माझ्याकडे आदराने पाहिलं. "तुम्ही धीराच्या आहात," त्या म्हणाल्या, "पण यादी ती यादी." मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला असावा.

दुपारी इद्रिस आणि मी हॉकर सेंटरला जेवलो. एका छपराखाली पन्नास-साठ खाद्यपदार्थांचे गाळे, मधे टेबलं, वर पंखे. मी नासी लेमाक (नारळाच्या दुधात शिजवलेला भात) मागवला, 'नो मीट' तीनदा सांगून. बशीत भाताशेजारी शेंगदाण्यांत मिसळलेल्या बोटाएवढ्या तळलेल्या मासळ्या आल्या. गाळ्यावरच्या मावशींना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "मीट नाही ला, इकान बिलीस!" म्हणजे वाळवलेली बारीक मासळी. त्यांच्या हिशेबी ते मांस नव्हतंच. इद्रिस पहिल्यांदा खळखळून हसला आणि माझ्या बशीतल्या मासळ्या आपल्या बशीत घेतल्या. मी काकडी आणि भात खाल्ला.

"फ्रेंचमध्येच का लिहिता?" मी विचारलं. भाषांतरकाराने हे तीन वर्षांपूर्वीच विचारायला हवं होतं.

"आईला फ्रेंच वाचता येत नाही म्हणून," तो म्हणाला. "लोकांना मी दुसरी कारणं सांगतो. शाळा, पुस्तकं, स्वातंत्र्य. पण खरं हे आहे. अरबीत लिहायला बसलो की ती मागे येऊन उभी राहायची. आणि ही पळवाट आहे हे मला माहीत आहे, मादाम. भित्र्या माणसाचीच पुस्तकं आहेत ती."

मी त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी विचारलं, "कॉफी घेणार?"

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला अरब स्ट्रीट पाहायची होती. "सिंगापुरात आमच्या नावाचा रस्ता!" तो म्हणत होता. मशिदीचा सोनेरी घुमट, त्याच्याभोवती जुन्या दुमजली दुकानांच्या रांगा, कापडाचे ठाण, वेताच्या टोपल्या, गालिचे. दुकानदार बहुतेक मलाय नाहीतर तमिळ. अरब एकही दिसेना. शेवटी एका अत्तरवाल्याच्या दुकानात पांढऱ्या टोपीचे एक वृद्ध गृहस्थ भेटले. त्यांचे पणजोबा येमेनहून आले होते. इद्रिस त्यांच्याशी अरबीत बोलू लागला. वृद्धांनी हात जोडून हसत इंग्रजीत सांगितलं, "माझ्याकडे फक्त नमाजापुरती अरबी उरली आहे."

तरी त्यांनी आम्हाला बसवलं, इद्रिसच्या मनगटावर अत्तराचा थेंब लावला. मग विचारलं, "मुलंबाळं?"

इद्रिसला प्रश्न इंग्रजीतही कळला. "नाही."

"लग्न?"

"अजून नाही."

"या वयात 'अजून'?" वृद्धांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडे. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण नजर थांबली. दुकानातला दुसरा गिऱ्हाईकही वळून पाहू लागला. मी घाईघाईने समोरच्या छोट्या बाटल्यांकडे बोट केलं. आम्ही दोन बाटल्या घेतल्या आणि बाहेर आलो.

"वीस वर्षं मी हेच उत्तर देतोय," इद्रिस म्हणाला. "पुस्तकात सगळं लिहितो, आणि अत्तरवाल्याला सांगतो, अजून नाही." बरंच चालल्यावर त्याने सांगितलं की आई भावाकडे असते. भाऊ त्याला उंबऱ्याच्या आत घेत नाही. नऊ वर्षांत आईला पाहिलेलं नाही. बहीण सलमा कधीतरी शेजारणीच्या घरून फोन लावून देते, दोन-तीन मिनिटं बोलणं होतं.

कार्यक्रम चौथ्या दिवशी, दुपारी तीनला. दीडशे खुर्च्या, जवळजवळ सगळ्या भरलेल्या. पुढच्या रांगेत मिस लिम फाइल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तिसऱ्या रांगेत मंजिरी आणि सतीश. सतीश येतील असं मला वाटलं नव्हतं. बँकेतून अर्धी सुट्टी काढून आले होते, कदाचित मला सांभाळायला, कदाचित स्वतःला.

इद्रिसने यादीतले उतारे वाचले. मी इंग्रजी सांगत गेले. ऑलिव्हची तोडणी, काकाची कंजुषी, बंदरावरचा धुरकट हिवाळा. माझा आवाज स्थिर होता. मिस लिम प्रत्येक उताऱ्यापुढे खूण करत होत्या. आता फक्त प्रश्नोत्तरं उरली, सुटलो, असं वाटलं. तेवढ्यात मागून एका विद्यार्थिनीने विचारलं, "तुमच्या आईने हे पुस्तक वाचलंय का?"

इद्रिसने त्या मुलीकडे पाहिलं. मग लहान लहान वाक्यांत बोलू लागला, मला सांगायला जागा ठेवत.

"माझ्या आईला फ्रेंच येत नाही. माझी बहीण स्वयंपाकघरात बसून तिला पुस्तक अरबीत वाचून दाखवायची. आई भाजी निवडायची."

मी सांगितलं.

"एके ठिकाणी बहिणीने पुष्कळ पानं एकदम उलटली. आई म्हणाली, तू मधली पानं सोडलीस. बहीण म्हणाली, नाही. आई म्हणाली, नाही कसं? त्याच्या आधी तो हसत होता. त्याच्यानंतर तो रडतोय. मधे काहीतरी झालंय."

मी सांगितलं. माझ्या दोन वाक्यांनी पुण्यात झाकलेली जागा हीच होती, आणि वाचता न येणाऱ्या एका बाईने ती भाजी निवडता निवडता ओळखली होती.

"मग बहिणीने ती पानं वाचली. माझं एका पुरुषावर प्रेम होतं, हे माझ्या आईने माझ्या बहिणीच्या आवाजात ऐकलं."

सभागृहात फ्रेंच कळणारं बहुधा कोणी नव्हतं. मिस लिमचं पेन कागदावर थांबलं होतं. सतीश पुढे वाकून बसले होते. मी तोंड उघडलं, आणि इंग्रजीत म्हणाले, "माझं कोणावर तरी प्रेम होतं, हे माझ्या आईने ऐकलं..."

विचार करून नाही. जीभच तशी वळली. तिला सवय झाली होती.

इद्रिसने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तेवढं इंग्रजी त्याला येत होतं. रागाने नाही, तर जिन्यात पायरी चुकल्यावर माणूस पाहतो तसं. मग त्याने माझ्या हातातला माइक हळूच आपल्याकडे ओढला आणि इंग्रजीत म्हणाला, "कोणावर तरी, नाही. पुरुषावर. माझं एका पुरुषावर प्रेम होतं."

एक जोडपं उठून गेलं, त्यांच्या खुर्च्यांचा आवाज बराच वेळ राहिला. मिस लिम खाली पाहत होत्या. मग त्याच विद्यार्थिनीने विचारलं, "आणि मग आई काय म्हणाली?"

माइक त्याने माझ्याकडे दिला. फ्रेंचमध्ये म्हणाला, "तिने विचारलं, त्याचं नाव काय."

मी ते सांगितलं, काही न गाळता.

टाळ्या तुरळक पडल्या, मग वाढल्या. लोक पांगू लागल्यावर मिस लिम माझ्याजवळ आल्या. "मला अहवाल लिहायचा आहे," त्या म्हणाल्या. "लेखक आपल्या आईबद्दल बोलले, असं लिहीन. ते खरंच आहे." आणि फाइल बंद करून निघून गेल्या.

इद्रिस बाहेर, इमारतीच्या तळमजल्यावरच्या दगडी बाकावर एकटा बसला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याचं विमान होतं. मी पिशवीतून प्रुफं काढली आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. देशमुख, अकरा पानं, सगळं.

त्याने गठ्ठा हातात घेतला. देवनागरी त्याला वाचता येत नव्हती. "कुठे?" त्याने विचारलं.

मी जागा दाखवली.

"नुसती काढलीत?"

"नाही. जोड दिसू नये म्हणून दोन वाक्यं घातली. माझी."

"वाचा."

मी मराठीत वाचली, मग फ्रेंच करून सांगितली. "त्या पावसानंतर घाण्यावरचं काम वाढलं. दोघांना बोलायला सवडच मिळेनाशी झाली."

त्याने पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाला, "चांगली आहेत. माझीच वाटतात." गठ्ठा त्याने बाकावर ठेवला. "माझा भाऊ शेजाऱ्यांना हेच सांगतो, मादाम. इद्रिसला फ्रान्समध्ये फार काम असतं. यायला सवड मिळत नाही."

मी काहीतरी क्षमेचं बोलू लागले. त्याने हात वर करून थांबवलं. "पुस्तक तुमच्या हातात आहे. तुम्हाला काय करायचं ते ठरवा. पण हे माझ्या नावाने छापू नका." आणि तो उठून स्टेशनच्या दिशेने गेला. मागे वळून पाहिलं नाही, आणि मला तशी अपेक्षा ठेवायचा हक्कही नव्हता.

पुंगोलच्या गाडीत मंजिरीला जागा मिळाली. सतीश आणि मी दांड्याला धरून उभे होतो. बऱ्याच स्टेशनांनंतर ते खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, तुम्ही 'कोणावर तरी' म्हणालात ना, तेव्हा मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू. आणि मग तो बोलला. तेव्हापासून मला माझ्या त्या हायसं वाटण्याची लाज वाटतेय."

"मलाही," मी म्हणाले. अकरा पानांचं सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, सल्ला दिला नाही.

पुण्याला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी देशमुखांकडे गेले. पानं परत घाला, नाहीतर छापू नका, असं मी त्यांना म्हणाले. ते भले गृहस्थ आहेत. चहा मागवला, तासभर समजावलं. "बाई, तुमचीच तीन वर्षं वाया जातील," असंही म्हणाले. शेवटी त्यांनी हस्तलिखित परत दिलं. हे लिहिते आहे तोवर पुस्तक निघालेलं नाही. इद्रिसला मी पत्राने सगळं कळवलं. दोन महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं, "अकरा पानं मराठीत कशी ऐकू येतात ते कधीतरी वाचून दाखवा."

प्रवासाला जाताना माणूस परका देश पाहायला निघतो. मी सिंगापुरात चार दिवस राहिले आणि जास्त करून माझ्या स्वतःच्या जिभेला पाहिलं. ती भिते कुठे, वळते कुठे, हे मला पन्नासाव्या वर्षी एका परक्या सभागृहात कळलं.

उत्तर आलं त्यानंतरच्या रविवारी मी ती अकरा पानं पुन्हा काढून वाचली. कोणी सांगण्याच्या आधी, स्वतःच्या मनाने केलेलं ते भाषांतर होतं. आणि मला दिसलं की कात्री तेव्हाच लागली होती. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ अगदी स्वच्छ असताना मी सात ठिकाणी 'मित्र' लिहिलं होतं. दोन ठिकाणी 'जिवलग'. योग्य शब्द मराठीत आहे. पण तो मी आजवर बाईच्याच तोंडी वाचला होता, पुरुषाच्या तोंडी कधी नाही.

मी सातही 'मित्र' खोडले, 'जिवलग' खोडले, आणि दर ठिकाणी लिहिलं, 'माझा प्रियकर'. मग दार लोटून घेतलं आणि पूर्ण वाक्य मोठ्याने वाचलं. "माझा प्रियकर घाण्यापाशी हात धूत होता." वाटलं होतं, कानाला खटकेल. पुन्हा वाचलं. साधं, सरळ मराठी वाक्य होतं.